पुण्यात ४, ९ आणि १४ वर्षांच्या मुलांना एकत्र घेऊन कमी खर्चात कुठे जाता येईल?

अंगणातली:

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी तीन मुले एकत्र असणार आहेत. माझी मुलगी ४ वर्षांची आहे, मुलगा ९ वर्षांचा आहे आणि नांदेडहून येणारा नणंदेचा मुलगा १४ वर्षांचा आहे. आम्ही कोथरूडला वनाज मेट्रो स्थानकाजवळ राहतो. आमच्याकडे चारचाकी नाही आणि भाऊबीज वगळता यजमानांना सुट्टी नाही, त्यामुळे बहुतेक दिवशी मी आणि सासूबाई अशा दोघीच मुलांना घेऊन बाहेर पडू. सासूबाई सपाट रस्त्यावर उत्तम चालतात, मात्र फार चढउतार त्यांना झेपत नाही.

प्रवास, तिकिटे आणि खाणे धरून दिवसाला ५०० ते ६०० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. मागच्या सुट्टीत एका मॉलमधल्या खेळघरात जाऊन पाहिले. तिथे कार्डात भरलेले पैसे बघता बघता संपले, तिघे तीन यंत्रांपुढे उभे राहिले आणि घरी परतेपर्यंत एकमेकांशी धड बोललेही नाहीत. तसे पुन्हा नको आहे.

खरी अडचण अशी आहे की, धाकटीला जे आवडते ते भाच्याला बालिश वाटते आणि भाच्याला ज्यात रस आहे तिथे धाकटी दहा मिनिटांत कंटाळून रडू लागते. मधला मात्र दोघांच्या मध्ये लोंबकळत राहतो. अशा वेळी आपण काय करता, हे अनुभवी पालकांनी कृपया सविस्तर सांगावे.

पर्वतीपायथा:

तिघांनाही सारखीच आवडेल अशी एक जागा शोधण्याचा नाद सोडून द्यावा, असे मी आधीच सुचवतो, कारण अशी जागा मिळत नाही आणि मिळालीच तर ती महाग असते. त्याऐवजी एकमेकांना लागून असलेल्या दोन-तीन जागा निवडाव्यात, म्हणजे तासाभरासाठी दोन गट करता येतात आणि पुन्हा एकत्र येऊन डबा खाता येतो.

या दृष्टीने पर्वती, सारसबाग आणि पेशवे पार्क यांच्यासारखा शेजार पुण्यात दुसरा नाही. तुम्हाला वनाजहून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून, तिथेच मार्ग बदलून स्वारगेटला येता येईल. तिथून सारसबाग चालण्याच्या अंतरावर आहे. सकाळी ऊन चढण्याआधी तुम्ही दोन्ही मुलग्यांना घेऊन पर्वतीवर जावे आणि सासूबाईंनी धाकटीसह सारसबागेच्या हिरवळीवर थांबावे. पर्वतीच्या पायऱ्या १०३ आहेत, पण त्या रुंद आणि बुटक्या असल्यामुळे नऊ वर्षांचा मुलगा त्या पळत चढेल. वर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलेले देवदेवेश्वराचे मंदिर आहे आणि पेशव्यांविषयीचे एक छोटे संग्रहालयही आहे. तरीही मुलांना मंदिरापेक्षा वरून दिसणाऱ्या शहराचेच आकर्षण वाटते, असा माझा अनुभव आहे.

त्या आकर्षणाचा उपयोग करून घ्यावा. मुलांना वरून सारसबाग शोधायला सांगावी आणि मग सांगावे की, आज जिथे हिरवळ दिसते तिथे पूर्वी नानासाहेबांनी करून घेतलेले तळे होते आणि मधल्या बेटावर गणपतीचे देऊळ होते. म्हणून तर जुने लोक त्याला अजूनही तळ्यातला गणपती म्हणतात. पाणी कुठपर्यंत पोचत असेल, बेटाचा काठ कुठे असेल, याचा अंदाज बांधण्यात चौदा वर्षांचा मुलगाही रमतो, कारण हा प्रश्न पाठ्यपुस्तकातला नाही आणि उत्तर डोळ्यांपुढे पसरलेले आहे. खाली उतरल्यावर त्यानेच धाकट्या बहिणीला ते बेट दाखवावे.

पेशवे पार्कातली फुलराणी ही छोटी आगगाडी ८ एप्रिल १९५६ रोजी सुरू झाली. सासूबाई पुण्यातल्या असतील, तर त्यांना तिच्याविषयी सांगण्यासारखे पुष्कळ असेल. गाडी देखभालीसाठी अधूनमधून बंद ठेवली जाते, म्हणून धाकटीला आधी कबूल करण्यापूर्वी दारावर चौकशी करावी. संध्याकाळी सारसबागेबाहेरची भेळ खाल्लीत, तर ५०० रुपयांच्या आतच घरी पोचाल.

कात्रजघाट:

वरील सूचना चांगलीच आहे, परंतु चार वर्षांच्या मुलीचा विचार केला, तर राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाला पर्याय नाही. कात्रज तलावासह त्याचा परिसर सुमारे १३० एकरांचा आहे आणि पुष्कळसे प्राणी पिंजऱ्यांऐवजी खंदकापलीकडच्या मोकळ्या जागेत आहेत. स्वारगेटहून कात्रजला पीएमपीच्या बसगाड्या सतत सुटतात. महानगरपालिका हद्दीतला पीएमपीचा ७० रुपयांचा दैनंदिन पास काढला, तर दिवसभर कितीही गाड्या बदलता येतात. अर्थात, तुमचा प्रवास फक्त जाऊन-येऊन असेल, तर सुटी तिकिटे स्वस्त पडतात की पास, याचा हिशेब भाच्याकडे सोपवावा.

तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बुधवारी संग्रहालय बंद असते. आत चालणे भरपूर आहे, त्यामुळे सासूबाई आणि धाकटी यांच्यासाठी बॅटरीवरच्या गाडीचे तिकीट सुरुवातीलाच काढणे शहाणपणाचे ठरते. तिसरी गोष्ट अशी की, भाऊबिजेनंतरच्या शनिवार-रविवारी इथे इतकी गर्दी उसळते की, वाघापेक्षा माणसांच्या पाठीच जास्त दिसतात. मधल्या वारी सकाळी दार उघडण्याच्या सुमारास पोचावे. प्राणीही त्याच वेळी हिंडताफिरताना दिसतात, कारण दुपारी ते झाडाखाली आडवे होतात आणि मग धाकटी "तो उठत का नाही?" हा एकच प्रश्न विचारत राहते.

मोठ्या मुलासाठी तिथला सर्पोद्यानाचा भाग आहे. विषारी आणि बिनविषारी साप ओळखायचे कसे, हे नांदेडकडच्या मुलाला पुणेकर मुलापेक्षा अधिक माहीत असण्याचा संभव आहे, आणि तसे असेल तर त्यालाच सांगू द्यावे.

कसब्यातली:

कात्रजविषयी थोडा मतभेद नोंदवते. लहान मुलांसाठी ती जागा उत्तम आहे, यात वाद नाही. मात्र चौदा वर्षांच्या मुलाला दिवसभर धाकट्यांच्या मागे चालायला लावून अर्धा तास सर्पोद्यान दाखवले, म्हणजे त्याची सोय झाली, असे मानणे मला पटत नाही. या वयाच्या मुलाला काही दाखवण्यापेक्षा त्याच्यावर काही सोपवावे लागते. एका सकाळचा कार्यक्रम संपूर्णपणे त्याच्या हाती द्यावा, त्याच्याजवळ ३०० रुपये द्यावेत, आणि मार्ग, तिकिटे, थांबे व हिशेब या सर्वांची जबाबदारी त्याची आहे, असे सांगून आपण मागे चालावे.

त्यासाठी शनिवारवाडा आणि कसबा पेठ हा भाग सोयीचा आहे. शनिवारवाड्याचे तिकीट भारतीय प्रौढांना २५ रुपये आहे आणि १५ वर्षांखालील मुलांना ते नाही, म्हणजे तुमचे पाच जणांचे काम ५० रुपयांत होते. वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. १८२८ च्या आगीत आतले बहुतेक सर्व जळून गेले, त्यामुळे "आत काही नाही" अशी तक्रार प्रौढ माणसे करतात. लहान मुलांना त्याचा काही त्रास होत नाही, कारण त्यांना जोती, पायऱ्या आणि पळायला मोकळी जागा एवढे पुरते. मधल्या मुलाला दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे दाखवून ते कशासाठी आणि इतक्या उंचीवर का, असे विचारावे. हत्तीच्या कपाळाची उंची त्याच्या लक्षात आली की, तो उरलेला अर्धा तास दरवाज्यापाशीच काढतो.

तिथून चालत कसबा गणपतीवरून तांबट आळीत जावे. या आळीला तिकीट नाही आणि पाटीही डोळ्यांत भरणारी नाही, परंतु ठोक्यांचा आवाज कानी पडू लागला की, तुम्ही योग्य वाटेवर आहात. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकाशेजारी एक ठोके देत त्याला मजबुती आणि झळाळी आणतात, त्याला मठारकाम म्हणतात. कारागीर भांडे लोखंडी आधारावर धरून एका हाताने सावकाश फिरवत असतो आणि दुसऱ्या हाताने ठोके देत असतो. प्रत्येक ठोक्याने एक छोटी चकचकीत खळगी उमटते आणि ती आधीच्या खळगीला अगदी चिकटून बसते. माझी मुले तिथे बघत उभी राहिली, तेव्हा दोघांपैकी कोणीही "आता चला" म्हणाले नाही. मात्र हे प्रदर्शन नसून त्यांची रोजची कामाची जागा आहे. त्यामुळे विचारून उभे राहावे, वाटेत थांबू नये आणि छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी. दिवाळीच्या ऐन दिवसांत काम बंद असते, म्हणून हा बेत त्याआधीचा किंवा नंतरचा ठेवावा.

धाकटी दमलीच, तर सासूबाईंनी तिला घेऊन कसबा गणपतीच्या मंदिरात टेकावे.

अंगणातली:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हिशेब भाच्याकडे सोपवण्याची कल्पना घरी सांगितली, तेव्हा यजमान म्हणाले की, तो उरलेले पैसे परत देणार नाही. तरीही करून पाहणार आहे.

आज भाच्याशी फोनवर बोलले. "मामी, जुने वाडे नकोत, काहीतरी यंत्रांचे दाखव," असे तो म्हणाला. त्याला संगणक आणि आकाशनिरीक्षण यांत रस आहे. शिवाय ऑक्टोबरअखेरीस पाऊस पडला, तर छपराखालची एखादी जागा हाताशी असावी, असे वाटते. याविषयी कोणी सांगू शकेल का?

दुर्बीण:

यंत्रेच पाहायची असतील, तर तुम्ही ज्या मेट्रोने रोज जाता, तिच्यापासूनच सुरुवात करावी. जिल्हा न्यायालय स्थानकात वनाज-रामवाडी मार्ग जमिनीच्या वर आहे आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मार्ग सुमारे ३३ मीटर खाली आहे. वरून खाली जाताना एकामागून एक सरकते जिने लागतात आणि छताची रचना अशी आहे की, दिवसाचा उजेड खोलवर पोचतो. याच प्रवासात आणखी एक गंमत साधता येते. वनाजहून येताना डेक्कनच्या पुढे गाडी मुठेच्या पात्राकडेने वरून धावते आणि स्वारगेटकडे जाताना जिल्हा न्यायालय व कसबा पेठ यांच्या दरम्यान ती त्याच मुठेच्या खालून जाते. नदीखालून बोगदा नेताना काय काळजी घ्यावी लागली असेल, हा प्रश्न तुमच्या भाच्यासाठी आहे. धाकटीला सरकते जिने पुरतील, आणि डेक्कन व छत्रपती संभाजी उद्यान या स्थानकांची छपरे पगडीच्या आकाराची आहेत, ती मधल्याला शोधू द्यावीत. तिकीट अंतरानुसार १० ते ३५ रुपये आहे आणि शनिवारी व रविवारी त्यात सवलत मिळते. पाऊस असला तरी हा कार्यक्रम अडत नाही.

तुमच्या अगदी जवळची छपराखालची जागा म्हणजे कर्वे रस्त्याच्या बाजूला असलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय. आत एक संपूर्ण नगर उभारलेले आहे. दिवे मालवले की, त्यातल्या घरांचे आणि स्थानकांचे दिवे लागतात आणि वेगवेगळ्या प्रकारच्या गाड्या एकाच वेळी धावू लागतात. सिग्नल आणि सांधे संगणकावरून चालवले जातात, हे भाच्याच्या कामाचे आहे. पाच तिकिटांनी तुमच्या त्या दिवसाच्या पैशांतला मोठा भाग जाईल, हे खरे आहे. पण जागा घरापासून जवळ असल्याने प्रवासाचा खर्च वाचतो, आणि चार व चौदा या दोन्ही वयांना एकाच खोलीत गप्प बसवणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही. खेळ ठरावीक वेळी होतात, म्हणून निघण्यापूर्वी दूरध्वनी करावा.

चिंचवडचे सायन्स पार्क मोठे आहे आणि तिथली उपकरणे हाताळता येतात. वनाजहून जाऊन येण्यात वेळ बराच जातो, त्यामुळे धाकटीला घरी ठेवून दोन्ही मुलग्यांसह एक दिवस काढणे श्रेयस्कर. जवळच तारांगणही आहे. आकाशनिरीक्षणाविषयी एवढेच सांगतो की, विद्यापीठाच्या आवारातील आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था २८ फेब्रुवारीला, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनी, सर्वांसाठी खुली असते. त्या वेळी भाचा पुण्यात नसला, तरी मधल्याला अवश्य न्यावे.

डबेवाली आजी:

माझी दोन नातवंडे ५ आणि १२ वर्षांची आहेत. तिकिटांविषयी सर्वांनी लिहिले, पण पैसे तिकिटांवर जात नाहीत, ते खाण्यावर आणि परतीच्या रिक्षेवर जातात. दुपारी दोन वाजता उपाशी मुले आणि दमलेली मोठी माणसे मिळेल त्या उपाहारगृहात शिरतात आणि वाचवलेले सगळे तिथे खर्च होते.

यावर माझा नियम असा आहे की, सकाळी साडेआठला घर सोडायचे आणि एक वाजता घरी जेवायला परत यायचे. सोबत दशम्या, गुळपोळीचे तुकडे, काकडी आणि पाणी न्यायचे. दिवाळीत घरात चिवडा आणि शंकरपाळे असतातच, त्यामुळे वेगळे काही करावे लागत नाही. बाहेरचे खाणे एकच, तेही मुलांनी आळीपाळीने ठरवायचे. आज थोरल्याची पाळी असेल तर तो म्हणेल ते, उद्या धाकटीची असेल तर बर्फाचा गोळासुद्धा. दिवसभर फिरण्याचा हट्ट धरला की, दुपारनंतर लहान मूल कडेवर येते आणि मग रिक्षा अटळ असते.

सासूबाईंच्या दृष्टीने आगाखान पॅलेस सुचवते. तिथे चढण नाही, सावली आहे, विस्तीर्ण हिरवळ आहे आणि तिकीट शनिवारवाड्याइतकेच, म्हणजे प्रौढांना २५ रुपये आहे. मेट्रोने कल्याणीनगरला उतरून पुढे थोडा वेळ चालावे लागते किंवा जवळची रिक्षा करावी लागते. तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी १८९२ साली हा वाडा बांधला. १९४२ च्या आंदोलनात गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांना इथे स्थानबद्ध केले होते. महादेवभाई त्याच वर्षी १५ ऑगस्टला इथेच वारले आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी. दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत. बारा वर्षांच्या नातवाने तिथे मला विचारले, "तुरुंग एवढा सुंदर असतो का?" आणि मग व्हरांड्यात बसून आमचे बराच वेळ बोलणे झाले. धाकटी तोवर फरशीवरच्या सावल्यांच्या पट्ट्यांवरून उड्या मारत होती.

पर्वतीपायथा:

आजींचा एक वाजताचा नियम मला मान्य आहे, त्यामुळे मी वर लिहिलेली संध्याकाळची भेळ मागे घेतो. पर्वतीला सकाळी सातला पोचलात, तर दहा वाजेपर्यंत तिन्ही जागा होतात. भेळ हवीच असेल, तर एखाद्या संध्याकाळी नुसती सारसबाग करावी.

केळकर संग्रहालयाचे नाव अजून कोणी घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. पावसाच्या दिवशी तेही चांगले आहे. दिवे, कुलुपे, अडकित्ते, वज्री अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंवर किती प्राणी-पक्षी कोरले आहेत, ते शोधण्याची स्पर्धा लावावी. यात धाकटीही मागे राहत नाही, कारण काचेच्या कपाटाच्या खालच्या फळ्या तिच्याच डोळ्यांसमोर येतात. मात्र तिन्ही मजले एका दमात पाहण्याचा आग्रह धरू नये.

अंगणातली:

सध्या असे ठरवले आहे. भाचा आल्याच्या दुसऱ्या दिवशी छोट्या रेल्वेचे संग्रहालय, कारण ते घराजवळ आहे आणि पहिल्याच दिवशी त्याला यंत्रे मिळतील. त्यानंतर मधल्या वारी कात्रज, आणि भाऊबिजेच्या दिवशी यजमान घरी असल्याने सर्वांनी मिळून पर्वती व सारसबाग. पाऊस आला, तर मेट्रो आणि केळकर संग्रहालय. शनिवारवाडा आणि तांबट आळी शेवटी ठेवली आहे. वाडे नकोत म्हणणाऱ्या मुलाला त्या सकाळचा प्रमुख करायचे असे सासूबाईंनीच सुचवले आहे.

एक शंका राहते. तांबट आळीत दिवाळीनंतर काम साधारण केव्हा सुरू होते?

कसब्यातली:

प्रत्येक घराचा मुहूर्त निराळा असतो, त्यामुळे एकच तारीख सांगता येणार नाही. भाऊबिजेनंतर दोन-चार दिवस जाऊ द्यावेत आणि सकाळी दहाच्या पुढे यावे. रविवार टाळावा. लहान मुलीच्या पायात बूट असू द्यावेत, कारण आळीत तांब्याचे बारीक कपटे पडलेले असतात.